उन्हापासून जपलेली उर्वी

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. ठाण्यातल्या एका रुग्णालयात, अत्यवस्थ मुलांच्या विभागात, चार नंबरच्या खाटेशी भिंतीला टांगलेला. आजारी बाळाच्या छातीला माझ्या वायरी चिकटवतात आणि त्याचे ठोके माझ्या पडद्यावर हिरव्या रेषेत धावतात. जरा काही बिनसलं की टीं टीं करून मी सगळा विभाग डोक्यावर घेतो.

नवा होतो तेव्हा काय माझं कौतुक! रोज मऊ कापडाने पडदा पुसायचे, आल्यागेल्याला दाखवायचे. आता माझी एक वायर सैल झाली आहे. बाळाने नुसता पाय झाडला तरी मी बोंब ठोकतो. मग कुणीतरी करवादत येतं आणि माझा आवाज बंद करतं. "मोडीत काढा रे ह्याला एकदा," असंही मी या कानांनी ऐकलंय. वाईट वाटतं हो!

गेल्या महिन्यात जवळच्याच बाळकुम गावची उर्वी माझ्याकडे आली. अवघी पाच महिन्यांची. न्यूमोनियाने छाती भरलेली आणि वर झटके. नेहमीच्या औषधांना झटके दाद देईनात. तिची आई रुपाली दाराशी रडून रडून अर्धी झाली होती. डॉक्टर मैथिलींनी रक्त तपासायला पाठवलं, तर कॅल्शियम अगदी तळाला गेलेलं, झटके त्यामुळेच.

ते शिरेतून द्यायचं, पण फार हळू. घाई झाली तर हृदय मंदावतं. सिस्टर सोनल इंजेक्शन देऊ लागली आणि थोड्याच वेळात माझ्या रेषेवर ठोके लांब लांब पडू लागले. मी जीव तोडून ओरडलो. पण खोटं ओरडण्यात माझं नाव आधीच खराब! सोनलचा हात माझ्या बटणाकडे गेलासुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, तिने उर्वीच्या दंडावर दोन बोटं ठेवून नाडी पाहिली.

"मॅडम, खरंच कमी झालेत ठोके!" असं म्हणत तिने इंजेक्शन थांबवलं. ठोके सावरले. उरलेलं औषध अगदी सावकाश गेलं आणि संध्याकाळपर्यंत झटके थांबले. माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक रिपोर्ट आला. उर्वीच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. ते नसलं की कॅल्शियम अंगी लागत नाही. मैथिलींनी रुपालीला आणि तिच्या सासूबाई गोदाआजींना खाटेशी बोलावलं.

"जन्मल्यावर ड जीवनसत्त्वाचे थेंब लिहून दिले असतील ना? आणि ऊन मिळतं का हिला?"

रुपालीने सासूकडे पाहिलं. आजी पुढे झाल्या.

"मीच बंद केले थेंब. एवरीशी पोर, तिला रोज औशद कशाला? आन ऊन त मी लागूच दिला नाय. जलमभर मिठागरान उन्हान जललो आमी. पायांची कातडी फुटली. म्हनलं, माजे नातीला त्याची झळ नको." त्यांनी उर्वीच्या पायावर हात ठेवला. "मीच मारत होते गो तिला!"

मला वाटलं, आता रुपाली तोंड सोडणार. पण तिने सासूचा हात धरला. "आई, मी पण कुठे काय बोलले? काचेतून उजेड येतो, तेवढा पुरेल असंच वाटलं मला."

"काचेतून नाही पुरत," मैथिली म्हणाल्या. "आता रोज थेंब द्यायचे, मी सांगेन तेवढेच. जास्त देणंही वाईट. आणि रुपाली, तुमचंही रक्त तपासू या. आईकडेच कमी असेल तर बाळाला मिळणार कुठून?"

नवव्या दिवशी उर्वी घरी गेली. निघताना गोदाआजींनी थेंब कसे मोजायचे ते सोनलकडून तीनदा समजून घेतलं. चौथ्यांदा विचारू लागल्या तशी रुपाली हसली, तेव्हा कुठे थांबल्या.

मित्रांनो, नवा मॉनिटर आलाय, आता माझे दिवस भरले. त्याची तक्रार नाही. एवढंच सांगतो, मी ओरडतो ते जिवावर बेतल्यावर. उर्वीला पाच महिने ड जीवनसत्त्व कमी पडत होतं, तेव्हा ती माझ्या वायरींत नव्हती, माणसांच्या मांडीवर होती. तुमच्या घरी तान्हं बाळ असेल तर आजच विचारा, "आई, डॉक्टरांनी सांगितलेले थेंब दिलेस का?" मला ओरडावं लागेल अशी पाळी आणू नका.