बानं लिहिलेल्या चार ओळी

त्या शनिवारी मी याडीला हिंगोलीला सिनेमा दाखवायला नेलं. आमच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात, बापाला बा. कापूस फुटला होता, एक दिवसही शेत सोडायला ती तयार नव्हती. पण सिनेमा फौजींच्या बायकांचा होता आणि ती फौजीची बायको होती. बाची गाडी दरीत गेली त्याला नऊ वर्षं झाली होती.

"देशातल्या सगळ्या तऱ्हेच्या बायका आहेत त्यात," मी पेपरात वाचलेलं सांगितलं.

"मंग आपल्यातली बी आसंल एखांदी," ती म्हणाली आणि निघाली.

सिनेमात पंजाबी बाई होती, बंगाली होती, केरळची होती. तिघी साहेबांच्या बायका, तिघी गोऱ्या. जवानाची बायको एकच दिसली, ट्रेमधून चहा देताना. मध्येच मेसमध्ये नाच झाला, त्यात मुलींनी आरशांचे घागरे घातले होते. याडी पुढे वाकली.

"पेटीतला माझा फेटियाच हाय की गं हा. निस्ता नाचायला आणला व्हय?"

मागचा माणूस हसला. मी तिला गप्प बसायला सांगितलं.

मग पंजाबी बाईला पत्र आलं. तिनं दार लावून घेतलं, खिडकीत बसून वाचलं, आणि नवऱ्याचा आवाज ऐकू आला: तुझे केस, तुझं हसणं, तुझ्यावाचून जाणाऱ्या रात्री. याडी पापणी न हलवता ऐकत होती.

परत येताना एसटी जवळा बाजारला आली. मग म्हणाली, "शिवकन्या, चिठ्ठीत आसं बी लिवत्यात?"

"सिनेमात काहीही दाखवतात, याडी."

"न्हाई, तुज्या बानं कवा लिवलं न्हाई, म्हणून इचारलं." मग आपणच म्हणाली, "त्याला तरी येळ कुठं आसंल."

आमच्या तांड्यात फौजीची चिठ्ठी घरात फोडायची पद्धत नव्हती. ती तांड्याचे प्रमुख गुलाबसिंग नाईक यांच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर वाचायची, कारण तिच्यात प्रत्येक घराला रामराम असायचा. वाचणारी मी, चौथीतली. याडी बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी राहायची.

एकदा हिवाळ्यात आलेल्या चिठ्ठीत सगळ्यांच्या रामरामानंतर चार ओळी तिच्यासाठी होत्या. मी त्या मनात वाचल्या आणि माझे कान तापले. पन्नास माणसांत हे कसं वाचायचं? मी "तुमचा, धर्मसिंग" म्हटलं आणि कागदाची घडी घातली. त्यानंतर ज्या ज्या चिठ्ठीत तिच्यासाठी काही आलं, ते मी तसंच सोडत गेले.

"रुख्मे, म्हशीची बी खुशाली इचारली फौजीनं," शेजारची बेबीबाई ओट्यावरून मोठ्यानं म्हणाली, "तुलाच काय न्हाई?"

"मी घरातलीच की," याडी हसली. "मला काहून रामराम?"

सगळे हसले. घरी जाऊन दोघीच असताना मला सांगता आलं असतं. पण मग आधी का वाचलं नाही, तेही सांगावं लागलं असतं. दिवस गेले. बा गेला. मी शिकले, मास्तरीण झाले, पुष्कळ पुस्तकं वाचली. त्या ओळी मात्र राहूनच गेल्या.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी कापूस वेचता वेचता याडी सरीत बसली, ती उठली नाही. ओटी कापसानं अर्धी भरली होती.

तिचे दिवस झाले, पाहुणे गेले. घरात मी एकटी राहिले. पेटी उघडली. वर आरशांचा फेटिया होता, बा गेल्यावर तिनं घडी करून ठेवलेला. त्याच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठ्या. वाचता येत नसूनही तिनं त्या तारखेनं लावल्या होत्या. पोस्टमन आणून देईल तशी एकीखाली एक ठेवत गेली असणार.

हिवाळ्यातली चिठ्ठी सापडली. मी दार लावून घेतलं. फेटिया मांडीवर घेतला.

"याडी," मी म्हटलं. "याडी, बानं तुला लिहिलं होतं. दर वेळी लिहायचा. मीच वाचलं न्हाई, मला लाज वाटली. आता ऐक. 'रुख्मी, इथं बर्फावर ऊन पडलं की डोळे दिपतात. तू पाणी घेऊन चढ चढायचीस, तेव्हा तुझ्या फेटियाचे आरसे असेच चमकायचे. मी ओट्यावरून बघत बसायचो. तुला माहीत न्हाई.'"