डोळे मिटून बसणारा प्रेक्षक

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. बत्तीस इंची, पाथरीतल्या अण्णासाहेब गुरुजींच्या बैठकीतला. जुना म्हणवून घ्यायची मला लाज नाही. माझ्या वयाचे कितीतरी भाऊबंद भंगारात गेले, मी अजून एका बटणासरशी उजळतो. पण एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मी जगाला चित्रं दाखवतो, मला स्वतःला मात्र त्यातलं एकही दिसत नाही. माझं तोंड बाहेर. मला दिसतात ती बघणाऱ्यांची तोंडं. गोष्ट हसरी की रडवी, ते मी त्यांच्याकडे बघून ओळखतो.

मी परभणीहून जीपमधून आलो, अर्धा सीटवर आणि अर्धा सुमंगलाबाईंच्या मांडीवर. या गुरुजींच्या पत्नी. त्यांनी आठ दिवसांत मला पोपट भरलेलं कव्हर शिवलं. रोज संध्याकाळी त्या कव्हराची घडी घालायच्या, पदरानं माझी काच पुसायच्या आणि समोर दोन खुर्च्या ओढायच्या. एक त्यांची, एक गुरुजींची. मुलगी मैथिली दाराशी अभ्यास करत बसायची. धाकटा सारंग खाली, माझ्या अगदी नाकाशी.

हा सारंग भारी खोडसाळ. माझा आवाज बंद करायचा आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडी आपली वाक्यं घालायचा. "पाथरीत आज सलग तिसऱ्या दिवशी भेंडीची भाजी. जनतेत तीव्र नाराजी." माझा आवाज काढून घेतला म्हणून मी चिडायचो. पण सुमंगलाबाई पोट धरून हसायच्या, गुरुजीसुद्धा वर्तमानपत्राआड हसायचे, मग माझाही राग जायचा.

सहा वर्षांपूर्वी सुमंगलाबाई गेल्या. दोन वर्षांनी याच बैठकीत बाप-लेकाचं वाजलं. गुरुजींनी शब्द टाकून सारंगला शाळेत जागा बघितली होती. तो म्हणाला, मी मुंबईला जाऊन मालिका-सिनेमांना आवाज देण्याचं काम करणार. गुरुजी संतापले. "नकला करून कुणाचं पोट भरलंय? जायचं तर जा. तुझा आवाज परत माझ्या कानावर पडता कामा नये." सारंगनं बॅग उचलली आणि तो गेला. मैथिली तर आधीच लग्न होऊन गेली होती.

त्यानंतरची चार वर्षं काय सांगू? पोपटाचं कव्हर चार-चार दिवस निघेना. सुमंगलाबाईंच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग चढला. गुरुजी एकटेच जेवायचे, एकटेच सुपारी कातरायचे, आणि कधी कधी मला नुसतंच लावून ठेवायचे, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. त्यांचं माझ्याकडे लक्ष नसायचं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला तरी झाली नाही.

या दिवाळीला मैथिली आली. तिनं माझ्या पाठीत इंटरनेटची बोटभर काडी खोचली आणि एक नवी मालिका लावून दिली. अमेरिकेतली, घोड्यांची आणि बंदुकांची, हिंदी आवाजातली. "अण्णा, ही बघाच," ती म्हणाली. का बघा, ते सांगितलं नाही. गुरुजी म्हणाले, "बघू." आणि ती गेल्यावर खरंच बघू लागले.

दुपारी समोरच्या घरातले मुंजाजी आणि त्यांच्या कारभारीण कस्तुराबाईही यायला लागल्या. कितीतरी दिवसांनी मला तीन तोंडं दिसली. माझा ऊर भरून आला.

"गुरुजी, ही माणसं आंघोळी करीत न्हाईत का वो?" कस्तुराबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. "लय मळकट हायेत. आन् एवढे मुडदे पडायलेत, कुणी रडंना सुदिक."

मुंजाजींची नजर निराळीच. "हे समदं माळरान हाय. एवढ्या गुरांना वैरण कुठून आणायलेत, ते काय दाखवंनात." बंदूक उडाली की कस्तुराबाई पदर तोंडाला लावायच्या, आणि मुंजाजी घोड्यांचे पाय न्याहाळायचे.

आणि गुरुजी? गुरुजी डोळे मिटून बसायचे. मित्रांनो, टीव्हीसमोर डोळे मिटून बसणं म्हणजे टीव्हीचा केवढा अपमान! झोप लागली म्हणावं, तर हाताची बोटं खुर्चीवर हलायची. दुसऱ्या दिवशी एकटे असले की तोच भाग पुन्हा लावायचे, रिमोटनं मागे नेऊन तेच तेच ऐकायचे, पुन्हा डोळे मिटून. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता माझं तोंडही बघवत नाही. मी मनातून फार खट्टू झालो.

पाचव्या भागात काहीतरी भयंकर चाललं असावं, कारण कस्तुराबाईंनी बोटं कानात घातली होती. एक गाडीवान बुजलेल्या घोड्यांना आवरत असावा. माझ्यातून त्याचा जाड आवाज गेला, "होऽ राजा, होऽ, बापा, होऽ." मुंजाजी ताडकन सरळ झाले.

"अगं, हे तर माझं हाकणं हाय! आमच्या राजा बैलाला मी असंच म्हनायचो. अमेरिकेच्या घोड्याला कुणी शिकवलं?" मग ते गुरुजींकडं वळले. "गुरुजी, माझ्या गाडीत बसून हे एकच पोरगं शिकलं होतं. हा आपला सारंग बोलायलाय."

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत. म्हणाले, "मला पहिल्या भागातच कळलं, मुंजाजी."

आवाज माझ्याच पोटातून जात होता आणि मीच तो ओळखला नव्हता. चित्र अमेरिकेचं होतं. गुरुजींना त्याच्याशी काय करायचं? डोळे मिटले की समोर लेक बसलेला असायचा, माझ्या नाकाशी.

कस्तुराबाईंनी डोळे पुसले. "मग फोन लावा की वो."

"मीच म्हटलं होतं, आवाज नको म्हणून," गुरुजी म्हणाले. "आता कोणत्या तोंडानं लावू?"

गुरुजींना एक जुनी सवय आहे. रेडिओवर कार्यक्रम आवडला की केंद्राला कार्ड टाकायचं. खणात पिवळी पोस्टकार्डं अजून आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कार्ड माझ्यासमोरच्या टेबलावर घेतलं आणि वळणदार अक्षरात भरलं. मग उलटवलं. पत्त्याच्या जागेवर पेन टेकलं आणि तिथंच थांबलं. पोटच्या पोराचा पत्ता त्यांना माहीत नव्हता. ते कितीतरी वेळ त्या चार कोऱ्या ओळींकडे बघत राहिले. इतकं एकटं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी मैथिलीला फोन केला. "त्या गाडीवानाला आवाज देणाऱ्याचा पत्ता दे. प्रेक्षक म्हणून पत्र लिहिलंय."

पत्त्याऐवजी तिनं नंबर दिला. गुरुजींनी तो कार्डाच्या कोपऱ्यात टिपला, चष्मा पुसला, पाणी प्यायलं. मग लावला. पलीकडून "हॅलो" आलं. तोच आवाज, पण या वेळी माझ्यातून नाही. गुरुजींनी ना नाव घेतलं ना खुशाली विचारली. ते उभे राहिले आणि कार्ड वाचू लागले.

"सप्रेम नमस्कार. आपली मालिका पाहत आहे. शिव्या फार आहेत, त्या कमी कराव्यात. गाडीवानाचे काम मात्र उत्तम. चौथ्या भागात त्यांचा आवाज बसलेला वाटला, तरी त्यांनी हळदीचे दूध घ्यावे. हा आवाज घरात ऐकून बरे वाटते. रोज ऐकतो. आपला, एक प्रेक्षक."

पलीकडून सारंग म्हणाला, "अण्णा, तो गाडीवान शेवटच्या भागात मरतो. तो भाग एकट्यानं बघू नका. शनिवारी मी येतो."

गुरुजी म्हणाले, "ये."

मित्रांनो, आज शुक्रवार. गुरुजींनी सकाळीच पोपटाचं कव्हर धुवून वाळत घातलंय, धोतराच्या सोग्यानं माझी काच पुसलीय. माझी काच अशीच पुसत जा, धूळ मलाही बोचते. पण एक मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरी माझ्यासमोर कुणी एकटं बसलेलं असेल, तर कधीतरी माझ्याकडे पाठ करून त्याच्याशी बोला. मी रुसणार नाही.

आता गुरुजी दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलतायत. चार वर्षांची रद्दी आहे, वेळ लागणारच.