पिवळ्या पट्टीबाहेरची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो, अस्सल लोखंडी. नळ्या वाकवून, वेल्डिंग करून मला घडवले, तेव्हा कारागीर माझ्यावर उभा राहून म्हणाला होता, "हत्ती बसला तरी हलायची नाही!" पुढे रुग्णालयात मी बाळंतिणी वाहिल्या, पाय मोडलेले वाहिले. सगळे मलाच शोधत.

मग हृदयाची तपासणी करणारे एमआरआय यंत्र आले आणि त्याच्यासोबत ती पांढरी खुर्ची आली. प्लास्टिकची, अंगात लोखंडाचा कण नसलेली. यंत्रातले चुंबक रात्रंदिवस चालूच असते, लोखंड जवळ आले की खेचून घेते. म्हणून दारापुढे पिवळी पट्टी आखली. तिथे पेशंट माझ्यावरून उतरतो, पांढरीवर बसतो आणि आत जातो. माझा जळफळाट होई. लिफ्टपासून ओझे मी आणायचे आणि आत मिरवायचे हिने!

एकदा एका काकूंना त्यांच्या नवऱ्याने माझ्यावर बसवून आणले. दोघे मिळून खिडक्यांचे ग्रिल बनवत. काकूंना चार पावलांत धाप लागत होती. बांगड्या, पिना, कानातले काढून झाले. तपासणीवाली ताई विचारू लागली, "पेसमेकर आहे? ऑपरेशन झालंय? शरीरात धातूची पट्टी, स्क्रू?"

"काही नाही हो. घ्या लवकर आत," नवराच बोलत होता.

"काका, पेशंट तुम्ही आहात का? काकू, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"छे! लोखंड घासायचा ग्राइंडर मीच चालवतो."

पांढरी समोर तयारच होती. काकू उठू लागल्या आणि पुन्हा माझ्यावर बसल्या.

"गेला होता. तुम्ही तापाने पडला होतात, तेव्हा ग्राइंडर मी चालवला. सांगितलं असतं तर पुन्हा मशीनला हात लावू दिला असतात?"

डोळ्याचा एक्स-रे काढला. बारीक कण अजून आतच होता. डॉक्टर म्हणाले, "चुंबकाने तो हलला असता, तर डोळा गेला असता. हृदय आपण दुसऱ्या तपासणीने बघू."

पांढरी रिकामीच परत गेली. खोटे कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. काकूंना दुसऱ्या खोलीत मीच नेले.

वाटेत नवऱ्याने विचारले, "ग्राइंडर चालवताना चष्मा का नाही घातलास?"

"तुमचा होता. मला सैल व्हायचा."

"मग बोलायचंस ना. तुझ्या मापाचा आणला असता."

त्यानंतर तो मला फार हळू ढकलत होता.

मित्रांनो, त्या पांढरीचा हेवा मला आजही वाटतो. आतली खोली मी कधीच पाहणार नाही. पण तुम्ही आपल्या माणसाला घेऊन त्या दाराशी याल, तेव्हा त्याच्या वतीने उत्तरे देऊ नका. त्याला आठवू द्या. तो गप्प बसला, तर जरा थांबा.