देखाव्यातलं हॉटेल

नाताळ आला की स्पेनच्या लान्सारोते बेटावर दोन गोष्टी ठरलेल्या. समुद्रकाठी उन्हानं लालबुंद झालेले पाहुणे, आणि चर्चमध्ये निकोलासाबाईंचा येशूजन्माचा देखावा. त्यात बेथलेहेम कमी आणि गावच जास्त. काळ्या मातीतले कांद्याचे वाफे, शेळ्या, पावसाच्या पाण्याचा हौद, आणि कडेला बुचाचं एक पांढरं घर. ते निकोलासाच्या आईचं. खरं घर पाडून तिथं बोर्खासाहेबांचं हॉटेल झालं, त्याला जमाना लोटला. देखाव्यातलं मात्र दर डिसेंबरात चुन्याचा हात घेऊन पुन्हा उभं राहायचं. दारात बोटाएवढी आई कोंबड्यांना दाणे टाकायची.

यंदा फादर एवारिस्तो हात चोळत आले.

"निकोलासाताई, हॉटेलवाल्या बोर्खासाहेबांनी आपल्याला दिव्यांच्या माळा दिल्या."

"बघितल्या. वेदीसुद्धा दिसेनाशी झालीय."

"त्यांचं म्हणणं एवढंच, की देखाव्यात त्यांचंही हॉटेल असावं. छोटं करून पाठवलंय."

छोटं म्हणजे दोन माणसांनी उचलून आणलेलं. खिडक्याखिडक्यांत दिवे, गच्चीवर निळा तलाव. फादरांची नजर देखाव्याच्या टेबलावर फिरली आणि बुचाच्या घरावर थांबली.

"हे एक काढलं तर बसेल. लहानसंच तर आहे."

"पहिल्यांदा पाडलं तेव्हाही असंच म्हणाले होते," निकोलासा म्हणाली.

बहीण फेर्मिना घरी रताळ्याच्या करंज्या तळत होती. ऐकून ती झारा घेऊनच उठली. "यंदा देखावाच करू नकोस! बसू देत रिकाम्या टेबलाकडे बघत."

"म्हणजे आईचं घर मीच माझ्या हातानं मोडू?"

"मग काय करशील? तो हॉटेलवाला काही हट्ट सोडणार नाही, आणि फादर त्याच्या माळा."

निकोलासानं एक करंजी खाल्ली. गोड कमी झाल्याचं सांगितलं, बहिणीचे शिव्याशाप ऐकले, आणि चर्चमध्ये परत गेली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हेरोद राजाचा महाल होता, आणि त्याच्या शेजारी बुटांच्या खोक्याची धर्मशाळा. अवघडलेल्या मरियेला आणि योसेफाला जिच्या दारातून परत फिरावं लागलं, तीच. निकोलासानं महाल काढला, खोकं काढलं. हॉटेल तिथं अगदी मापात बसलं. दाराशी हात आडवा करून उभ्या असलेल्या धर्मशाळावाल्याला तिनं बारीक कुंचल्यानं टाय रंगवला, आणि दमलेलं जोडपं त्याच्यापुढं उभं केलं.

फादरांनी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, बोर्खासाहेब काय म्हणतील?"

"धर्मशाळेत जागा नव्हती, असंच आहे ना पोथीत? का यंदा तेही बदललंय?"

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बोर्खासाहेब पाहुण्यांचा घोळका घेऊन आले. आपलं हॉटेल पाहून त्यांना भरून आलं. पाहुण्यांनी पटापट फोटो काढले.

"आणि हा आमचा माणूस हात आडवा करून काय म्हणतोय?" त्यांनी वाकून विचारलं.

फादर स्वतःच्या बुटांकडे बघू लागले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.

"जागा नाही म्हणतोय," निकोलासा म्हणाली.

बोर्खासाहेबांचा चेहरा फुलला. "ऐकलंत?" ते पाहुण्यांकडे वळले. "आमचं हॉटेल नाताळात कायम भरलेलं! इथं सगळ्यांना माहीत आहे!" मग त्यांना जोडप्याची कणव आली. "पण हे बिचारे आता जाणार कुठं?"

"आमच्या आईकडे," निकोलासा म्हणाली. बुचाच्या घरामागच्या शेळ्यांच्या गोठ्यात तिनं मरिया आणि योसेफाला नेऊन ठेवलं आणि मधल्या गवतावर बाळ निजवलं. "तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

"वा, वा!" बोर्खासाहेब खाली वाकले. "फादर, हे घर मात्र कधी हलवू नका हं. जुन्या गावाची सगळी मजा यातच आहे."

"नाही हलवणार," फादर घाईनं म्हणाले.

"जरा बाजूला व्हा, साहेब," निकोलासा म्हणाली. "आईच्या अंगणात तुमची सावली पडतेय."