दुहेरी रेघ

माझा नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचं काम करतो. रोज सत्तर-ऐंशी घरांची दारं वाजवतो आणि प्रत्येक दारातून एकच हाक आत जाते, "मीटरवाला आलाय गं!" इतक्या वर्षांत एकाही घराने त्याचं नाव विचारलेलं नाही. ओळख ठेवली असेल तर ती कुत्र्यांनी.

पण रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत हाच माणूस 'लालवाले' असतो. खेळणी जमवणाऱ्यांच्या बैठकीला येणारे दंतवैद्य आणि वकील, दोघेही शिकलेसवरलेले, हाताखाली माणसं असलेले, तो आतून आला की खुर्चीतून अर्धे उठतात. कारण जगात लाल क्रेनवाला एकच आहे आणि तो आमच्या काचेच्या कपाटात दुसऱ्या फळीवर उभा आहे.

क्रेनवाला म्हणजे खेळण्यातला यंत्रमानव. उंची वीतभर. पाय दुमडले, पाठीवरचा दांडा पुढे ओढला की त्याची क्रेन होते. कंपनीने तो आधी पिवळा काढला आणि तो धडाक्यात खपला. मग कंपनीच्या लक्षात आलं, की नवा साचा करायला डोकं लागतं, नवा रंग द्यायला बादली पुरते. लगेच तोच हिरवा करून 'लष्करी' म्हणून आला, काळा करून 'रात्रपाळी', पांढरा करून 'हिमनग'. जांभळा तर एका प्रदर्शनात फक्त दोन तास विकला. त्या दोन तासांसाठी दंतवैद्य अर्धी दाढ कोरलेला पेशंट खुर्चीत आ वासलेला ठेवून टॅक्सीत बसले होते. या प्रकाराला ही मंडळी 'रंगपालट' म्हणतात आणि एकाच ठिकाणी, थोडेच मिळाले की त्याला 'एक्सक्लुझिव्ह'. शब्द उच्चारताना आवाज खाली आणायचा असतो.

त्यांचा वाद वर्षानुवर्षं एकच. रंगपालट हा नवा यंत्रमानव, की जुन्यानेच सदरा बदललेला?

"साचा तोच, तर इसम तोच," वकील म्हणायचे. "उद्या मी पांढरा कोट घालून आलो तर काय डॉक्टर होईन?"

"तुम्ही काहीही घातलं तरी वकीलच दिसता, तो तुमचा दोष," दंतवैद्य म्हणायचे. "रात्रपाळीच्या चेहऱ्यावरचा थकवा बघा. पिवळ्यात आहे का तो? रंग बदलला की स्वभाव बदलतो."

"थकवा नाही तो. छपाई पुसट आलीय."

मग दोघेही निवाड्यासाठी माझ्या नवऱ्याकडे बघायचे. तो चहाचा घोट घ्यायचा, कप बशीत ठेवायचा आणि सावकाश म्हणायचा, "लाल बघा. लालमध्ये दोन्ही आहे."

मी आत स्वयंपाकघरात हसू दाबत कपड्यांच्या घड्या घालायची. कारण तो लाल मी दिलेला आहे.

गाड्यांच्या रंगाच्या दुकानात मी शेड जुळवते. कुठेतरी घासून आणलेली गाडी दारात येते, मी तिच्या रंगाकडे बघते, डब्यातून थेंब थेंब घेऊन तसाच रंग करून देते. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यातली गोष्ट. नवऱ्याने बंद पडलेल्या एका खेळण्यांच्या दुकानातून अख्खं पोतं उचलून आणलं होतं, न उघडलेलं. तो कामावर गेला. म्हटलं, घरी येईपर्यंत सगळी खेळणी चकाचक करून ठेवू, खूश होईल. दुकानातला थिनर होताच घरात. एका पिवळ्या क्रेनवाल्यावरून थिनरचा बोळा फिरवला आणि त्याचं तोंड बोळ्यावर आलं. छातीवरचं चिन्ह गेलं, अंगाला चट्टे पडले. मी घाबरले. नवीन सून मी, घरात अजून डबे कुठले कुठे ते माहीत नव्हतं. दुकानात एका लाल टॅक्सीचा उरलेला रंग होता. दुपारच्या सुट्टीत त्याला घेऊन गेले, स्प्रे मारला, बारीक ब्रशने डोळे काढले, चिमट्याला टांगून वाळवला आणि संध्याकाळी पोत्यात तळाशी घालून ठेवला. वाटलं, इतक्या खेळण्यांत एक कोण बघतंय.

त्याने पहिला तोच काढला.

"अगं, लाल! लाल कधी निघालाच नव्हता!" असं ओरडून तो खोलीत दोन गिरक्या मारून आला. तोपर्यंत माझ्यासमोर तो एकदाही मोकळा हसला नव्हता. दोघेही एकमेकांना पाहुण्यासारखे वागवत होतो. मी तोंड उघडलं, आणि ते हसू बघून मिटलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता त्या लालवर लोकांनी लेख लिहिले. इंटरनेटवर कुठले कुठले लोक हमरीतुमरीवर आले. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला दोन बारीक समांतर रेघा आहेत, त्यांतून पिवळं डोकावतं. त्या रेघांना नावच पडलं, 'दुहेरी रेघ'. कारखान्यात चाचणीसाठी काढलेल्या नगाला यंत्राचा जबडा धरतो त्याची ती खूण, असा निष्कर्ष निघाला. दंतवैद्य भिंगातून ती रेघ बघायचे तेव्हा श्वास धरायचे.

मी हे असंच पोटात ठेवून म्हातारी झाले असते. पण मागच्या महिन्यात दंतवैद्यांनी विषय काढला.

"लालवाले, एक विचारतो, रागावू नका. माझं अख्खं कपाट घ्या. बत्तीसच्या बत्तीस रंगपालट, जांभळ्यासकट. मला लाल द्या."

वकिलांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

"अहो, बत्तीस? तुमची बत्तिशीच देताय की!"

"हसा. पण मला आता एकच हवाय. खरा असलेला एक."

नवरा रात्रभर नाही, पण दिवसभर तळमळला. मीटर चुकीचे वाचून आला. एका घराला तलावभर पाणी लावलं. आणि शेवटी म्हणाला, "देतो. दंतवैद्यांसारखा माणूस मागतोय. रविवारी देवाणघेवाण."

दंतवैद्य भला माणूस आहे. माझी अक्कलदाढ काढताना तीन वेळा "वहिनी, दुखलं तर हात वर करा" म्हणाले आणि दर वेळी खरंच थांबले. बायको गेल्यापासून ते कपाट हेच त्यांच्या घरातलं बोलणारं माणूस. ते सगळं देऊन हा माणूस माझा टॅक्सीचा रंग घरी नेणार. बोलले तर माझा नवरा पुन्हा नुसता मीटरवाला. नाही बोलले तर आम्ही चोर, आणि त्यालाच ते माहीत नाही.

शनिवारी मी त्याला एकट्याला सांगायचं ठरवलं. तो कपाटासमोर पंचा घेऊन काच पुसत होता.

"अहो, त्या लालबद्दल जरा—"

"कळतंय मला, तुझाही जीव जडलाय त्याच्यावर," तो म्हणाला आणि त्याचा आवाज असा ओला झाला, की मी त्याच्या हातातला पंचा घेतला आणि धुवायला गेले.

रविवारी दंतवैद्य चार खोके घेऊन आले. प्रत्येक खेळणं मऊ कापडात गुंडाळलेलं. वकिलांनी करारपत्र लिहून आणलं होतं, त्यात क्रेनवाल्याला 'सदर वस्तू' म्हटलं होतं. दंतवैद्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मी हातातला ट्रे टेबलावर ठेवला.

"थांबा. तो लाल मी रंगवलाय."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. आणि मग, देवाशप्पथ, वकील हसले.

"वहिनी, तुम्हाला द्यायचा नाहीये. साहजिक आहे. सरळ नाही म्हणा की."

"नाही म्हणत नाहीये. रंगवलाय म्हणतेय. थिनरने तोंड गेलं होतं त्याचं."

"असं कसं?" दंतवैद्य समजुतीच्या सुरात बोलले, तोच सूर, दाढेच्या वेळचा. "हा थर बघा. हाताने एवढा एकसारखा येतच नाही. हे यंत्राचं काम आहे."

"स्प्रे गन आहे ना दुकानात."

"आणि डोळे?"

"दोन केसांचा ब्रश. उजवा जरा तिरका आलाय. लोक ओरखडे झाकायला गाडी आणतात तेव्हा तोच वापरते."

"तिरका नाही तो!" वकील उसळले. "तो रोखलेला आहे. त्यावर तीन पानांचा लेख आहे."

"लेख कुणाचा?"

"माझा."

मी नवऱ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर माघार घेतली असती. दंतवैद्यांनी कपाटातून लाल काढला, उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. "ठीक आहे वहिनी. मग ही दुहेरी रेघ? ही कुठून आली? कारखान्याचा जबडा तुमच्या दुकानात आहे?"

मी गॅलरीत गेले. दोरीवरच्या नवऱ्याच्या पायजम्याचा एक पाय सोडवला आणि चिमटा घेऊन आले. पत्र्याचा, दोन दातांचा. त्या वेळी डझन घेतले होते, सात अजून धडधाकट आहेत. चिमटा लालच्या टाचेला लावला. दोन दात दोन रेघांत असे बसले, जसे काही मोजून केले होते.

गॅलरीत पायजम्याचा सुटलेला पाय फडफडत होता.

पहिले सावरले ते वकील. वकीलच सावरणार. "म्हणजे असं बघा," ते म्हणाले, "कारखान्यातही असेच चिमटे वापरत असतील. याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, वहिनींनी अनवधानाने मूळ पद्धतच—"

"वकील," दंतवैद्य म्हणाले, "गप्प बसा."

त्यांनी लाल उजेडाकडे धरला. खूप वेळ बघितला. मग मला म्हणाले, "मी दातांना शेड जुळवतो, वहिनी. रोजचं काम आहे माझं. इतकं साफ मला जमत नाही." आणि लाल टेबलावर ठेवून त्यांनी आपले बत्तीस मोजून पुन्हा खोक्यांत भरले. रागावले नव्हते. एकदम थकले होते, त्या रात्रपाळीसारखे.

"नियम मात्र नियम," वकिलांनी दारात चपला घालता घालता सांगून घेतलं. "घरी रंगवलेला माल कपाटात ठेवणाऱ्याने वर्षभर बैठक घ्यायची नाही. मीच लिहिलाय. कलम चार." आणि जाताना 'लालवाले' म्हणायला तोंड उघडून, काय म्हणायचं ते न सुचून, नुसती मान हलवून गेले.

दार लागल्यावर नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी इतकी वर्षं बोलत होतो. लालमध्ये दोन्ही आहे, लालमध्ये हे आहे, ते आहे. आणि तू आत बसून ऐकत होतीस."

"हो."

"हसत होतीस?"

खोटं बोलायची शिल्लक तेवढ्यापुरती संपली होती. "कधी कधी," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि उठून पायजमा दोरीवर नीट लावून आला.

पुढचे चार दिवस घरात मीटरच्या आकड्यांइतकंच बोलणं झालं. "मीठ." "दार." "उद्या उशीर." लाल तसाच टेबलावर पडून होता. कपाटात तो ठेवेना, मलाही ठेवायची हिंमत होईना. इंटरनेटवर वकिलांनी 'चिमटा सिद्धांत: एक खंडन' नावाचा लेख टाकला. त्यात माझा उल्लेख 'एक गृहिणी' असा होता. गृहिणी! दुकानातले डबे उचलून उचलून माझे दंड पैलवानासारखे झालेत. त्याहून लेखाखालच्या प्रतिक्रिया बोचल्या. एकाने विचारलं होतं, हा लालवाला नक्की करतो तरी काय? दुसऱ्याने उत्तर दिलं होतं, मीटर वाचतो म्हणे. आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. नवऱ्याने ते वाचलं होतं, कारण फोन उलटा ठेवला होता.

पाचव्या दिवशी दुपारी मी एका गाडीच्या राखाडी दरवाजाची शेड जुळवत होते. समोर त्या गाडीचा ड्रायव्हर घाईत उभा. मान वर केली तर त्याच्या मागे रांगेत माझा नवरा, खात्याचा गणवेश, खांद्याला पिशवी. दुकानाच्या पायऱ्या तो आजवर चढला नव्हता. बाहेरून हाक मारायचा.

त्याची पाळी आली तशी त्याने पिशवीतून एक साधा पिवळा क्रेनवाला काढला. कुठल्याही कपाटात सापडतो तसला, एका हाताने लुळा. काउंटरवर ठेवला.

"याला रंग द्यायचाय."

"कुठला?"

"तुला सुचेल तो. पण मी समोर बसून बघणार. सगळं. पहिल्यापासून."

"थिनरचा वास सहन होणार नाही तुम्हाला."

"होईल."

तो रिकाम्या ड्रमवर बसला. मी यंत्रमानवाचे सांधे सोडवले, पॉलिश पेपर घेतला आणि घासायला लागले. दोन मिनिटं तो नुसता बघत राहिला. तिसऱ्या मिनिटाला त्याला राहवेना. दरवाजा वाळायची वाट बघत थांबलेल्या त्या ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "हात कसा फिरतोय बघा. एका दिशेने. उलटा गेला की चरे दिसतात."

ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही यातले का?"

"मी नाही," नवरा म्हणाला. "ही." आणि मग, कुणी विचारलं नसताना, त्याने त्या अनोळखी माणसाला स्वतःचं नाव सांगितलं, माझंही सांगितलं.

"बोलू नका जरा," मी म्हटलं. "धूळ बसते." आणि त्याच्या हातात पॉलिश पेपरचा एक तुकडा दिला.