बुटकीचं शेवटचं वाक्य

कानाच्या पाळीला चिकटलेलं ते काळं साल नखानं खरवडूनही निघत नव्हतं. हेडफोनची गादी जुनी झाली की तिचा वरचा थर असा सुटतो आणि कुणाच्या तरी कानाला, गालाला, केसांना लागून घरी जातो. नवे हेडफोन आणा म्हणून ती कधीपासून सांगत होती आणि सगळे कधीपासून 'हो ताई' म्हणत होते. घरी गेल्यावर लेक ते साल चिमटीनं उचलायची — "आई, थांब, तुझ्या कानाला स्टुडिओ लागलाय" — आणि खिडकीबाहेर फुंकून टाकायची... आज कोण उचलणार, असं मनात आलं आणि तिला त्या विचाराचाच राग आला. डबिंगच्या खोलीच्या काचेपलीकडे दिग्दर्शक काहीतरी बोलत होता. त्याचा माइक बंद होता, म्हणून नुसतेच ओठ हलत होते. आयुष्य त्यातच गेलं, दुसऱ्यांच्या हलत्या ओठांत शब्द कोंबण्यात.

"ताई, परत एकदा घेऊ," माइक चालू करून तो म्हणाला. "'जाते.' एवढंच तर आहे."

एवढंच. सकाळपासून ते एवढंच चाललं होतं. जपानी अ‍ॅनिमे मालिका, अंतराळवीर व्हायला निघालेल्या पाच मुली, सगळ्या पंधरा-सोळा वर्षांच्या, आणि त्यातली सगळ्यात बुटकी हिच्या वाट्याला आलेली. स्टुडिओत तिला बुटकीच म्हणायचे. यानातल्या वरच्या खटक्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून ही बया पहिल्या भागापासून रडत आली. पाण्याच्या टाकीत रडली, गरगर फिरणाऱ्या खुर्चीत रडली, मैत्रिणींनी उचलून धरलं तेव्हाही रडली, आणि ते सगळं रडणं हिनं आपल्या घशातून काढलं. आता शेवटचा भाग. बुटकी पहाटे घरातून निघते, पाठमोरी असतानाच 'आई' म्हणते, मग वळते, अख्ख्या पडद्यावर नुसता तिचा चेहरा, आणि ती म्हणते — संहितेत लिहिलं होतं — 'जाते.'

कुठली मुलगी आईला 'जाते' म्हणते? भाषांतर करणाऱ्यानं इंग्रजी कागद पाहिला असेल, तिथं जाण्याचं काहीतरी असेल, यानं 'जाते' लिहून टाकलं आणि मोकळा झाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. घरातून निघताना 'येते' म्हणतात, हे काय आता मी सांगायचं? ती सांगून चुकली होती. त्यावर दिग्दर्शकानं, जो वयानं तिच्या धाकट्या भावाहूनही लहान होता, चित्र थांबवून तोंड दाखवलं होतं. कार्टूनच्या तोंडाच्या तीनच तऱ्हा: मिटलेलं, अर्धं आणि सताड उघडं. बुटकीचं तोंड पहिल्याच अक्षराला सताड उघडत होतं. 'येते' घातलं तर पोरगी आईच्या तोंडावर जांभई देते आहे असं वाटतं, असं त्याचं म्हणणं. आणि ते खरं होतं, हाच तर वैताग होता. पण 'जाते'सुद्धा बसत नव्हतं. 'जाते' संपल्यावरही बुटकीचं तोंड दोनदा हलत राहायचं, आवाजावाचून. थोडं ओढून म्हणा, असं त्यानं सुचवलं. 'जाऽऽते' म्हणून पाहिलं, तर भाजीवालीची हाळी वाटली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट मुलगी खाली मान घालून हसली. ती एरवी बोलत नाही, हसत नाही; हसायला तिला आजचाच दिवस सापडला.

लाल दिवा लागला. बुटकी वळली.

"जाते," ती म्हणाली, आणि आवाज मधेच फाटला.

...सकाळी दारात बॅग होती. निळी, चाकांची, एक चाक वाकडं. बॅगेच्या पट्ट्याशी झटत लेक उभी होती, आणि ती मदत करावी की करू नये अशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. आधी ठरलं होतं सुट्टीपुरतं. बाप वेगळा राहायला लागल्यापासून प्रत्येक सुट्टीत थोडे दिवस जातच होती. मग कळलं की शाळाही तिथलीच बघितली आहे, बापानं विचारून ठेवलं आहे, मुलीनं होकार दिला आहे, आणि हे सगळं झाल्यावर आईला सांगायचं ठरलं आहे. का, म्हणून तिनं विचारलं होतं. शांतपणे विचारलं होतं, निदान तिला तसं वाटलं होतं. लेक म्हणाली, "तिथे निदान कुणी आवाज बदलून बोलत नाही."

आवाज बदलून! ज्या आवाजांवर ही मोठी झाली. दूध नको म्हणून तोंड फिरवायची तेव्हा ससा यायचा, ताप आला की म्हातारं कासव यायचं, आणि कासवानं सांगितल्याशिवाय औषधाचा थेंब घशाखाली उतरायचा नाही. आई, ससा काढ. आई, कासव काढ. शाळेतल्या पोरींना घरी आणून, काढ ना आई, म्हणून हीच गळ घालायची. मग कधीतरी ससा नकोसा झाला. कधी, ते तिच्या लक्षातच आलं नाही. भांडण झालं की आवाज आपोआप वर चढायचा, बारीक व्हायचा, लाडीगोडीला लागायचा. मुद्दाम नव्हे, मी मुद्दाम कधीच केलं नाही. समोरचं माणूस चिडलं की माझा गळा आपला ससा काढतो, त्याला मी काय करू? आणि लेक कानांवर हात ठेवून म्हणायची, हा आवाज काढू नकोस. तुझ्या आवाजात बोल.

माझ्या आवाजात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

"ताई, पाणी घेता का?" दिग्दर्शकानं विचारलं. नको, ती म्हणाली. बुटकीच्याच आवाजात म्हणाली, आणि ते ऐकून तिचं डोकं आणखी भडकलं. चित्र पुन्हा मागं गेलं. पुन्हा ती पाठ, पुन्हा 'आई', पुन्हा ते वळणं. हिला एवढ्या आनंदानं वळायला काय झालं होतं? रॉकेटमध्ये बसायचं आहे, परत येशील न येशील, त्या दारातल्या बाईला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसेल, आणि तू म्हणे जाते. अगं, नुसतं जाते काय? जाऊन येते म्हण! तेवढं म्हणायला काय जीभ झडते का तुझी?

लाल दिवा लागलेला होता हे तिच्या ध्यानात नव्हतं. बुटकीनं सताड तोंड उघडलं.

"जाऊन येते."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट मुलीनं तेवढा तुकडा पुन्हा लावला. 'जा'ला तोंड उघडलं, 'ऊन'ला आवळलं, 'ये'ला हललं, 'ते'ला हललं आणि मिटलं. कुणी शिवून दिल्यासारखं बसलं. काखेत कळसा आणि सकाळपासून गावाला वळसा. दिग्दर्शक खुर्चीतून अर्धा उठला, हे मूळ वाक्यापेक्षाही छान झालं म्हणाला, जणू मूळ भाषा त्याला येत होती. तिला मात्र आनंद झाला नाही. चार रेघांची, रंग भरलेली, कुणाच्याही पोटची नसलेली पोरगी — तिच्या तोंडात ते इतकं बिनबोभाट बसावं? आणि सकाळी दारात हाडामासाची पोर उभी होती, तिनं वाकड्या चाकाची बॅग उंबऱ्यावरून ओढली, जिन्याकडे बघत नुसतं 'जाते' म्हटलं, तेव्हा तिला दुरुस्त करायला कुणी नव्हतं. नव्हतं कसं... मी होते की.

मग दिग्दर्शकानं, अगदी सहज, आणखी एक काम पुढं केलं. बुटकीच्या आईचा आवाज देणारी बाई घसा बसल्यामुळं आलेली नव्हती. या प्रसंगात आईला एकच शब्द होता. तो हिनंच देऊन टाकावा, म्हणजे आजच सगळं संपेल.

तिला हसू आलं, ते चांगलं नव्हतं. किती वर्षं ती मोठ्या बायकांचं काम मागत होती! आई द्या, डॉक्टरीण द्या, खाष्ट सासू द्या, एखादी खुनी बाई द्या. आणि दर वेळी तेच उत्तर, ताई, तुमचा आवाज वाढतच नाही हो. केस पिकले, चष्मा लागला, गुडघा कुरकुरायला लागला, आणि आवाज आपला चवथीच्या वर्गात. आता मोठ्या बाईचं काम मिळालं, तर एक अक्षर. 'ये.' मुलगी म्हणणार जाऊन येते, आई म्हणणार ये.

"कुठला आवाज लावू?" तिनं विचारलं.

"काही लावू नका. तुमचा नेहमीचा."

बुटकीची आई दारात उभी होती, हात पुसत. तिचं तोंड जेमतेम अर्धं उघडायचं आणि मिटायचं. ती 'ये' म्हणाली, तर शाळेतल्या बाई बोलल्या. पुन्हा म्हणाली, तर जाहिरातीतली प्रेमळ काकू. तिसऱ्यांदा तर चक्क कासव निघालं, म्हातारं, दमलेलं. दिग्दर्शक नुसता नाही म्हणून मान हलवत होता, आणि त्या मान हलवण्याचा तिला इतका संताप आला की हेडफोन काढून काचेवर फेकावेत. नेहमीचा! नेहमीचा म्हणजे कुठला रे बाबा? तू ऐकला आहेस कधी? कुणी तरी ऐकला आहे?

आणि तेव्हा तिला तो ऐकू आला.

सकाळचा. लेक 'जाते' म्हणाली आणि त्यावर ही म्हणाली होती, "जा." ससा नव्हता, कासव नव्हतं, बुटकी तर नव्हतीच. जाड, थोडा घोगरा, छातीतून सरळ वर आलेला. लेकीनं पट्टा सोडून तिच्याकडे वळून पाहिलं होतं. दिवसभर ती तो चेहरा रागाचा समजत होती. पण रागावल्यावर पोर अशी बघत नाही, रागावल्यावर ती बघतच नाही. ती ऐकत होती. इतकी वर्षं मागितलेलं काहीतरी हातात पडल्यासारखी एक क्षण थांबली होती, आणि मग तिनं शब्द ऐकला असणार. मग ती गेली. म्हणजे होता. आडात होता. तुझ्या आवाजात बोल म्हणून पोर घसा फोडून सांगत होती, आणि एकदाच बोलले, तर त्यात मी 'जा' भरला.

लाल दिवा लागला. बुटकी वळली, तिनं सताड तोंड उघडून जाऊन येते म्हटलं — तो आपलाच आवाज, पण आता तिला तो कुणा परक्या मुलीचा वाटला, गोड, जरा आगाऊ. दारातल्या बाईचं तोंड अर्धं उघडलं. शब्द छातीत होता, वर येत होता, पण तिथून वर यायची त्याला सवय नव्हती. बाईचं तोंड मिटलं. बुटकी रस्त्याच्या टोकाला लहान होत गेली, दार लागलं.

"ये," ती म्हणाली.

बंद दारावर तो शब्द पडला.

"हाच," दिग्दर्शक हळूच म्हणाला. "हाच आवाज, ताई. फक्त उशिरा आला."

रेकॉर्डिस्ट मुलीनं काचेतून खूण केली, शब्द मागं सरकवून तोंडाशी घेऊ का? चित्रातलं मागं घेता येत होतं. बाहेर तिच्या पिशवीत बंद करून ठेवलेला फोन होता, आणि कुठल्या तरी रस्त्यावर कानांत गाणी घालून खिडकीशी बसलेली पोर होती. तिनं मान हलवली, घ्या म्हणून. हेडफोन नीट करताना बोट पाळीवरच्या त्या काळ्या सालाला लागलं. नख पुढं झालं आणि थांबलं. तिनं ते तसंच राहू दिलं, आणि ओठ न हलवता, पडद्याकडे न बघता, ती तो शब्द मनातल्या मनात म्हणून पाहू लागली.