समोरच्या दुकानातला बस्ता

आरोहीच्या लग्नाचा बस्ता मॉलमध्ये, छापील किमतीला, एकही आवाज न चढवता घेतला गेला.

असं काही झालेलंच नाही. निदान तिच्या वडिलांपुढं, सिद्धरामअण्णांपुढं, तरी झालेलं नाही. तेव्हा आपणही तसंच धरून पुढं जाऊ.

सोलापूरच्या तागा गल्लीत एका अंगाला अण्णांचं कापडाचं दुकान आणि बरोबर समोर अमृतशेठचं. मधला रस्ता एवढा अरुंद, की एकानं कापड फाडलं की दुसऱ्याला आवाजावरून कळायचं, मांजरपाट की पॉपलिन. लग्नसराईत दुधनीकडून, बार्शीकडून टेम्पो भरून माणसं उतरायची. नवरीच्या आत्यापासून नवरदेवाच्या रुसक्या मामापर्यंत सगळे दिवसभर गादीवर बसून बस्ता बांधायचे. एकदा टेम्पोत चुकून दुसऱ्याच लग्नाचे पाहुणे आले. त्यांनाही टोपी-टॉवेल मिळाला, आणि जाताना तेच जास्त रडले.

गल्लीला एकच कायदा होता. दुकानदारानं घरचा बस्ता स्वतःच्या दुकानातून घ्यायचा नाही. समोरून घ्यायचा, आणि भांडून घ्यायचा. भांडणाशिवाय घेतला तो बस्ता नव्हे, दान. अण्णांच्या लग्नात त्यांचे वडील अमृतशेठच्या वडिलांशी असे भांडले, की हवालदार आला. तो मध्यस्थी करता करता स्वतःच सफारीचं कापड घेऊन गेला.

पुढं टेम्पो कमी झाले. अमृतशेठच्या दुकानातल्या फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या, आणि तेवढ्यात त्यांच्या लेकीचं, पूनमचं लग्न ठरलं. शेठ कायद्याप्रमाणे रस्ता ओलांडून आले, चप्पल काढली, लोडाला टेकले, भाव ऐकला आणि कपाळावर हात मारला.

"अण्णा, साडी विकालाव का दुकान?"

यावर "दुकान न्या, साडी वर फुकट देतो" असं काहीतरी यायला हवं होतं. सगळी गल्ली कान लावून होती. पण अण्णांची नजर समोरच्या रिकाम्या फळ्यांवर गेली आणि तोंडातून निघून गेलं,

"शेठ, तुमी म्हणाल तो भाव."

शेठ हळूच उठले. "एवढी वाईट वेळ आली व्हय आमच्यावर?" एवढंच म्हणाले. डावी चप्पल उजव्या पायात घालून तसेच रस्ता ओलांडून गेले. पूनमचा बस्ता पुण्याहून आला. दिवाळी झाली, शेठनी दुकान सोडलं आणि तिथं अजिनाथ नावाच्या पोराची मोबाईलची कव्हरं लागली.

लोक अण्णांना म्हणाले, तुम्ही चांगलंच वागलात की. अण्णांची पंचाईत तीच होती. चांगलं वागल्याची माफी मागायची रीत गल्लीत कुणी पाडून ठेवली नव्हती.

आता घरचं कार्य आलं. अण्णा अजिनाथकडं गेले. "बस्त्यापुरता भांडशील का रे समोरून?"

"काका, आपलं फिक्स हाय. स्कॅन करा, न्या."

मग अण्णांनी स्वतःशीच भांडून बघितलं. गादीवर बसून भाव सांगायचे, खाली उतरायचे, चप्पल काढून परत वर यायचे आणि तो भाव ऐकून संतापायचे. बायको, धनलक्ष्मी, चहा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"काय करालाव ओ हे?"

"गिऱ्हाईक ऐकंना."

"मग सोडा की थोडं."

"लई सोडलं. पण त्याला आपला खरेदीचा भाव ठाऊक हाय ना."

शेवटी गिऱ्हाईक रागावून उठलं आणि गादीवर जाऊन बसलं. चहा दुकानदारानं घेतला.

मग मात्र अण्णांनी धीर करून फोन लावला. शेठ आता बार्शीला, पूनमकडं.

"शेठ, आरोहीचा बस्ता हाय. तागे माझे, गादी माझी. तुमी फक्त दुकानदार म्हणून येऊन बसा. मी भांडतो."

"मी आणि भाव काय सांगू, अण्णा?"

"तोंडाला येईल तो सांगा की! लुटा मला."

शेठ हसल्यासारखे वाटले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नको. तुमी म्हणाल तो भाव."

त्यानंतर फोन कुणी ठेवला, ते अण्णांना सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकी कुठंतरी गेल्या आणि संध्याकाळी पिशव्या घेऊन आल्या. अण्णांनी पिशव्यांवरचं नाव वाचलं नाही. त्यांनी आरोहीकडून कोरा कागद मागून घेतला आणि महापालिकेला अर्ज लिहिला:

"विषय : दुकानासमोर भांडणारा इसम मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, तागा गल्ली येथील आमचे दुकानासमोर, कापडाचे भावात चढ्या आवाजात घासाघीस करणारा, अनुभवी, व आमची कीव न करणारा एक इसम पुढील लग्नसराईपूर्वी नेमण्यात यावा. पूर्वीचे इसम सध्या बार्शी येथे असून, त्यांना आहे त्या रागासह परत पाठविणेबाबत तेथील नगरपरिषदेस आपले स्तरावरून कळविण्यात यावे. ते हजर झाल्यास त्यांनी मागितलेला पहिला भाव आम्ही कोणत्याही परिस्थितीत मान्य करणार नाही, अशी लेखी हमी देत आहोत. तरी मेहेरबान होऊन तातडीने आदेश व्हावेत, ही नम्र विनंती."